मावशींचा फोटो आणि 'फुकटचं' सॉफ्टवेअर

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी हसलेच. माझं मराठी म्हणजे... ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! शाळेत मराठी बोललं तर एक रुपया दंड, आणि घरी इंग्लिश झाडलं तर आजीचा धपाटा. त्यामुळे दोन्ही भाषा अर्ध्या-अर्ध्या. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला आजही थांबून ठरवावं लागतं. मॅडमनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आहेत, ज्या राहिल्या असतील त्या पोटात घाला.

विषय मात्र माझ्याकडे तयार होता. आपल्या मेसच्या मावशींचा फोटो! मावशींना विचारूनच लिहितेय. "लिही की, फकस्त नाव घालू नगो," एवढीच त्यांची अट. तर मंडळी, एका फोटोची ही गोष्ट आहे, आणि गोष्टीच्या आडून थोडं सॉफ्टवेअर, थोडं एम-थ्री. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये. कंप्युटरवाल्यांइतकंच हे तुमचंही आहे.

काचेला चिकटलेला फोटो

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा मी आठवीत होते आणि तो टीव्हीवर पाहत होते. मावशी सांगलीत होत्या, पाण्यात. घर दोन दिवसांत रिकामं केलं. भांडी वाचली, गाद्या गेल्या, आणि भिंतीवरचा एक फोटो पाण्यात राहिला. मावशींच्या आईचा एकुलता एक फोटो. नऊवारी, मोठं कुंकू, स्टुडिओतली लाकडी खुर्ची, आणि मांडीवर दोन वर्षांची मुलगी. ती मुलगी म्हणजे आपल्या मावशी!

पाणी उतरल्यावर फ्रेम मिळाली, पण फोटो काचेला चिकटून बसला होता. एका स्टुडिओत दाखवला तर "याचं काही होत नाही" म्हणाले. मग तो तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रंकेच्या तळाशी गेला. परवाच्या दिवाळीच्या सुट्टीआधी मावशींनी तो माझ्यासमोर ठेवला. "पोरी, तुमच्या त्या कंप्युटरात ह्ये नीट हुतंय का बघ की."

मी "हो" म्हणून टाकलं. आपण इंजिनिअर ना! नाही म्हणायला शिकवतात कुठे?

पहिलाच पराक्रम म्हणजे मी काच ओढून फोटो सोडवायला निघाले. लॅब असिस्टंट सर तिथे होते म्हणून वाचले. सर जवळजवळ ओरडलेच. जुन्या फोटोवरचं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं. तो थर भिजला की फुगतो, मऊ होतो, आणि वाळताना काचेला गोंदासारखा चिकटतो. काच ओढली असती तर चित्र काचेबरोबर आलं असतं आणि हातात नुसता कागद उरला असता. म्हणून पहिला धडा असा, की चिकटलेला फोटो ओढायचा नाही. काचेसकट स्कॅन करायचा.

सरांनीच ऑफिसमधला जुना, जाडजूड स्कॅनर काढून दिला. हल्लीच्या पातळ, स्वस्त स्कॅनरना काचेच्या एका थरामागचं थोडं धूसर दिसतं, जुन्या जाड्या स्कॅनरना त्या मानाने खोलपर्यंत नीट दिसतं. सहा इंच बाय चार इंचाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला, म्हणजे ३६०० गुणिले २४००, म्हणजेच ८६ लाख ४० हजार पिक्सेल. काम सुरू!

आधी फसलेले दोन प्रयोग

पहिला प्रयोग रूममेटचा. तिच्याकडे एका नामांकित सॉफ्टवेअरची 'क्रॅक' कॉपी होती, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली. होस्टेलमध्ये अशा कॉप्या कशा फिरतात ते रेक्टर सरांसमोर जास्त लिहीत नाही. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं, तिने केला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू व्हायलाच पाऊण तास! सबमिशनच्या आठवड्यात सगळं फॉरमॅट करावं लागलं. माझा स्कॅन सुदैवाने वेगळ्या पेन ड्राइव्हवर होता.

दुसरा प्रयोग मोबाईलवरच्या एका एआय अॅपचा. फोटो टाकला, दहा सेकंद थांबलो, आणि काय सांगू! डाग गायब, चेहरा गुळगुळीत, डोळ्यांत चमक. आम्ही टाळ्याच पिटल्या. मावशी भाकऱ्या थापत होत्या, त्यांना तिथेच नेऊन दाखवला. मावशींनी पदराला हात पुसले, मोबाईल लांब धरला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान हाय. कोन हाय ही?"

आमचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. नंतर विचार केला तेव्हा कळलं की चूक अॅपची नव्हतीच. अशा प्रोग्रॅमने लाखो चेहरे पाहिलेले असतात. जिथे फोटोत माहिती उरलेली नाही, तिथे तो 'साधारणपणे चेहरा कसा असतो' ते भरतो. पण मावशींची आई म्हणजे 'साधारणपणे' नव्हे! शिवाय त्याने नेमकं काय बदललं, कुठे बदललं, हे आम्हाला सांगताच येत नव्हतं. एक फोटो आत गेला, दुसरा बाहेर आला. मधलं सगळं अंधारात.

मग लॅब असिस्टंट सर म्हणाले, "गिम्प टाकून बघ. फुकट आहे."

फुकट की मुक्त?

गिम्प म्हणजे 'जीएनयू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम'. याची जन्मकथा आपल्यासारख्यांनी वाचावी अशीच आहे. १९९५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमध्ये स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस नावाचे दोन विद्यार्थी होते. कंपायलरच्या विषयाचं त्यांचं प्रोजेक्ट फसलं, आणि त्या राखेतून त्यांनी चित्रांवर काम करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. १९९६ मध्ये तो लोकांसाठी खुला केला. खिडक्या, बटणं, मेनू दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःचा एक संच लिहिला, त्याचं नाव जीटीके. पुढे त्याच संचावर लिनक्सचा जीनोम हा अख्खा डेस्कटॉप उभा राहिला! आणि लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विन, टक्स? तो लॅरी यूइंगने १९९६ मध्ये गिम्पमध्येच रंगवला. फसलेल्या प्रोजेक्टचं एवढं होऊ शकतं, हे आपल्या गाईडना सांगायला हरकत नाही!

आता 'फुकट'बद्दल. अशा सॉफ्टवेअरला इंग्लिशमध्ये 'फ्री' म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. इंग्लिशमध्ये फुकटला आणि स्वतंत्रला एकच शब्द! (कॉन्व्हेंटमध्ये हे कुणी सांगितलं नाही.) आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तो 'मुक्त'साठी. त्यात चार मोकळिकी धरल्या आहेत. प्रोग्रॅम कशासाठीही वापरा. तो आत कसा चालतो ते उघडून वाचा. मित्राला कॉपी द्या. हवा तसा बदला आणि बदललेलाही वाटा. गिम्पचं लायसन्स जीपीएल, त्यात या चारही लिहिलेल्या आहेत. म्हणजे पेन ड्राइव्हवरून गिम्पची कॉपी दिली तर ती चोरी नाही, तो तुमचा हक्कच आहे. अँटिव्हायरस बंद करायचं तर कारणच नाही.

मला खरी मजा आली ती दुसऱ्या मोकळिकीची. ती पुढे सांगते.

कामाला सुरुवात : डाग कुठल्या रंगात लपतो?

फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करायचा. हे ऐकून मीही "का?" विचारलं होतं. कारण असं. पुराच्या गढूळ पाण्याचा डाग पिवळट-तपकिरी असतो. तपकिरी रंग निळा प्रकाश सगळ्यात जास्त खातो आणि लाल प्रकाश बराचसा परत पाठवतो. कलर स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा अशी तीन वेगळी चित्रं एकावर एक असतात. गिम्पच्या 'कलर्स' मेनूत 'कंपोनंट्स'मध्ये 'डीकंपोज' आहे, त्याने ती तीन सुटी करता येतात. मी केली. निळ्या चित्रात आईच्या अर्ध्या पदरावर काळाकुट्ट डाग होता. हिरव्यात तो फिका झाला. आणि लाल चित्रात जवळजवळ नव्हताच! मी लाल ठेवलं, बाकीची दोन बाजूला केली. एकही ब्रश न फिरवता अर्धा डाग गेला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वस्त यश!

मग 'लेव्हल्स'. पिक्सेलची किंमत ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. जुना फोटो फिका पडतो म्हणजे काय होतं, तर काळा हा काळा राहत नाही आणि पांढरा पांढरा राहत नाही. आमच्या फोटोत सगळ्यात गडद पिक्सेल ६० च्या आसपास आणि सगळ्यात उजळ १९० च्या आसपास होता. म्हणजे सगळी दुनिया मधल्या राखाडीत! 'लेव्हल्स'मध्ये एक टोक ६० वर आणि दुसरं १९० वर आणलं की तो साधं त्रैराशिक करतो. किमतीतून ६० वजा, १३० ने भाग, २५५ ने गुणा. ६० चा झाला ०, १९० चा झाला २५५, मधला १२५ राहिला बरोबर मध्ये. आईचे केस पुन्हा काळे झाले आणि पातळाचे काठ दिसायला लागले.

इथे एक खबरदारी. १३० पायऱ्या ताणून २५५ करायच्या म्हणजे मधल्या काही पायऱ्या रिकाम्या राहतात आणि गालावर पट्टे दिसू शकतात. म्हणून स्कॅनर देत असेल तर १६ बिटला स्कॅन करावं. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून गिम्पला ते पेलतं. आणि काम चालू असताना जेपेगमध्ये सेव्ह करू नये. जेपेग प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडी थोडी माहिती फेकून देतो, जर्नलची झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. गिम्पचा स्वतःचा फॉरमॅट आहे एक्ससीएफ. त्यात ठेवावं, म्हणजे सगळे लेअर जसेच्या तसे राहतात.

एम-थ्रीचं भूत भेटलं

आता ओरखडे आणि ठिपके. यासाठी दोन साधनं आहेत. एक 'क्लोन', म्हणजे इथला तुकडा उचलून तिथे चिकटवणं. पण गालाचा तुकडा हनुवटीवर चिकटवला तर ठिगळ दिसतं, कारण दोन्हीकडचा उजेड वेगळा असतो. दुसरं 'हील', म्हणजे जखम भरणारं. हे तुकड्याचा पोत घेतं आणि नव्या जागेचा उजेड घेतं. ठिगळ दिसतच नाही! मी पाच मिनिटं नुसती ओरखड्यांवर ब्रश फिरवत बसले होते, जादू झाल्यासारखी.

मग वाटलं, हे होतं तरी कसं? आणि इथे ती दुसरी मोकळीक कामाला आली. गिम्पचा कोड खुला आहे. 'गिम्पहील' नावाची फाईल शोधली, उघडली... आणि समोर लाप्लास! तोच, ज्याने एम-थ्रीत माझा घाम काढला होता!

कल्पना सोपी आहे. लोखंडाच्या पत्र्याच्या कडांचं तापमान ठरवून दिलं, तर बराच वेळ गेल्यावर मधल्या प्रत्येक बिंदूचं तापमान काय असेल? लाप्लासचं समीकरण सांगतं की प्रत्येक बिंदू त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीइतका असेल. हील नेमकं हेच करतं. ब्रशच्या गोलाच्या कडेवर उचललेला तुकडा आणि मूळ जागा यांच्यात किती फरक आहे ते पाहतं, आणि तो फरक पत्र्यातल्या उष्णतेसारखा आत हळुवार पसरवतं. मग तेवढा फरक तुकड्यात मिसळतं. समीकरण सोडवायला पद्धत कुठली, तर गाउस-सायडेल! न्यूमेरिकल मेथड्समध्ये कॅल्क्युलेटरवर चार इटरेशन करून आपण जे सोडून देतो, तेच.

खरं सांगते, तो विषय मी फक्त पास व्हायला केला होता. एका बाईच्या गालावरचा ओरखडा बुजवायला तो लागतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर चाळीसवर थांबले नसते!

माझी चूक

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

तीन रात्री बसून चेहरा साफ केला. ओरखडे गेले, बुरशीचे ठिपके गेले, कपाळावरची चीर गेली. या खेपेला मी अॅपसारखं काही बनवलं नव्हतं, जे फोटोत होतं तेच ठेवलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. लॅपटॉप घेऊन मेसमध्ये गेले. मावशी बघता क्षणीच म्हणाल्या, "हां, ही आई." मी खूश. मग त्या पुढे वाकल्या. "पर गोंदन कुठाय?"

मला आधी शब्दच कळला नाही. मावशींनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं. तीन हिरवट ठिपके. त्यांच्या आईलाही तिथेच होते, आणि भुवयांच्या मधे एक. माझ्या पोटात गोळा आला. ते ठिपके मी पाहिले होते! पुराचे डाग समजून, एकेक करून, मोठ्या प्रेमाने पुसले होते.

मावशी रागावल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे, तुला काय ठावं," म्हणाल्या. त्याचंच जास्त लागलं. गोंदण हा डाग नसतो, हे माझ्या आजीच्या हाताकडे कधी नीट पाहिलं असतं तरी कळलं असतं. अॅपला नावं ठेवणारी मी, मीही तेच केलं होतं. मला 'साधारणपणे' चेहरा जसा वाटतो, तसा करून टाकला होता.

पण एक फरक होता, आणि तोच महत्त्वाचा. मी काम केलं होतं ते मूळ लेअरवर नाही, त्याच्या कॉपीवर. खालचा लेअर हात न लावलेला होता. लेअर म्हणजे ओएचपीच्या पारदर्शक शीट एकावर एक ठेवाव्यात तसं समजा. वरच्या शीटला 'मास्क' लावता येतो. मास्कवर पांढरं असेल तिथे वरचं दिसतं, काळं असेल तिथे वरचं झाकलं जाऊन खालचं दिसतं. मी तिथेच, मेसच्या टेबलावर बसून, मास्क लावला आणि लहान काळ्या ब्रशने हनुवटीवर तीन टिंबं दिली. खालचं गोंदण एकेक करून वर आलं. कपाळावर एक टिंब. मावशी हसल्या.

म्हणून दुसरा धडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मूळ लेअरला कधीही हात लावायचा नाही, आणि पुसण्याआधी घरच्यांना विचारायचं. पहिला भाग कुठल्याही पुस्तकात मिळेल. दुसरा मला मेसमध्ये मिळाला.

हाताचं काय करायचं?

एक अडचण उरलीच होती. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी सगळ्यात जास्त वेळ होतं, तिथलं चित्रच विरघळून गेलं होतं. आईचा डावा हात, मांडीवरच्या मुलीला धरलेला, मनगटापासून पुढे नाही. तिथे लेव्हल्स काय करणार आणि हील काय करणार? माहितीच नाही! दुसऱ्या कुणाचा हात आणून चिकटवता आला असता, आणि तो कुणाला कळलाही नसता. पण गोंदणाचा धडा ताजा होता.

शेवटी ठरवलं की जे फोटोत नाही ते फोटोसारखं दाखवायचं नाही. चित्रासारखं दाखवायचं. आणि त्यासाठी 'क्रिटा' घेतलं.

क्रिटा हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींचं, खास चित्रकारांसाठी बनवलेलं. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. गिम्पमध्येही रेघा मारता येतात, पण क्रिटाचे ब्रश हाताला खरे वाटतात, पेन्सिल, शाई, जलरंग सगळं. आर्किटेक्चरच्या मैत्रिणीचा पेन टॅब्लेट चार दिवस उसना घेतला. माझा हात थरथरतो, तर क्रिटात 'स्टॅबिलायझर' आहे, तो रेघ थोडी मागून ओढतो आणि थरथर गिळून टाकतो. आणखी एक युक्ती. कीबोर्डवरचं 'एम' दाबलं की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं दिसतं. डोळ्याला सवय झालेल्या चुका तेव्हा पटकन दिसतात. माझी चार बोटं सारख्या लांबीची आली होती, आरशात लगेच कळलं!

वेगळ्या लेअरवर, नुसत्या पेन्सिलच्या रेघांनी हात काढला. सावली नाही, पोत नाही. बघणाऱ्याला स्पष्ट कळावं की इथपर्यंत फोटो आणि इथून पुढे रेखाटन. मनगटात बांगड्या किती, ते मावशींना विचारून घातल्या.

फोटोखाली आईचं नाव हवं होतं. यातही एक गंमत. त्या क्रॅक कॉपीत मराठी टाइप केलं की 'वि' ची वेलांटी पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. गिम्प आणि इंकस्केपमध्ये देवनागरी जुळवणारा भागही मुक्त आहे, नाव हार्फबझ. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी! फॉन्टसुद्धा मुक्त मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे दोन तर कुणीही उतरवून घ्यावेत आणि गॅदरिंगच्या पोस्टरपासून स्मरणिकेपर्यंत बिनधास्त वापरावेत.

कुणी काय वापरावं?

फोटो दुरुस्त करायचा, कापायचा, जोडायचा असेल तर गिम्प. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. तिच्यात फिल्टर लावल्यावरही तो नंतर बदलता किंवा काढता येतो. मला ही सोय फार आवडली, कारण माणूस चुकतोच. चित्र काढायचं असेल तर क्रिटा. लोगो, पोस्टर, बॅनर असेल तर इंकस्केप. ते पिक्सेलऐवजी रेघांची गणितं साठवतं, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डवरचा लोगो गेटवरच्या फ्लेक्सएवढा केला तरी फाटत नाही. कॅमेऱ्याच्या 'रॉ' फाईल असतील तर डार्कटेबल.

थ्रीडीसाठी ब्लेंडर. त्याची मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये टॉन रोजेंडाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले आणि कोड सोडवून घेतला. त्याच ब्लेंडरमध्ये बनवलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियाच्या अॅनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. म्हणजे "फुकटच्या सॉफ्टवेअरने खरं काम होत नाही" हे म्हणणं आता बंद!

सगळं गोडच आहे असंही नाही. गिम्पचे मेनू सुरुवातीला डोकं खातात. छापखान्याला लागणाऱ्या सीएमवायके रंगांमध्ये क्रिटात थेट काम करता येतं, गिम्पमध्ये तसं नाही. आणि जाहिरातीच्या किंवा छपाईच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी विकतचीच सॉफ्टवेअर चालतात, तिथे नोकरी करायची असेल तर तीही शिकावी लागतील. पण लेअर, मास्क, लेव्हल्स या कल्पना सगळीकडे त्याच. स्कूटरवर शिकलेला तोल मोटारसायकलवरही कामी येतोच की.

शेवटी

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला होता, त्यामुळे ३०० डीपीआयला तो दुप्पट मोठा, बारा बाय आठ इंचाचा छापता आला. फ्रेम करून आम्ही मुलींनी तो मावशींना दिला. मूळ फोटो काचेसकट तसाच आहे, आता कोरड्या पेटीत. पेन ड्राइव्हवर तीन फाईल दिल्या आहेत. एक नुसता स्कॅन, एक साफ केलेला, एक हातासकट. पुढे कुणाला माझ्यापेक्षा चांगलं जमलं तर त्याला पहिल्यापासून करता यावं म्हणून.

मावशींनी फ्रेम हातात घेतली. आधी गोंदण पाहिलं, मग खाली पेन्सिलच्या हातावरून बोट फिरवलं. मी श्वास रोखून उभी.

"आईचा हात काय असा न्हवता," त्या म्हणाल्या. "पर धरलंय मातर बरोबर."

व्हायवात यापेक्षा चांगला शेरा मला आजवर मिळालेला नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, आणि स्टाफमधल्या सर, मॅडम, काका, मावशी, तुमच्याही घरी ट्रंकेत, पोथीत, पासबुकात असा एखादा फोटो असेलच. सुट्टीत घेऊन या. स्कॅनर ऑफिसमध्ये आहे, गिम्प लॅबच्या मशीनवर टाकून ठेवलंय, आणि मी शनिवारी दुपारी तिथेच असते. येताना फोटोतलं माणूस ओळखणारं कुणीतरी फोनवर तयार ठेवा. कारण डाग कुठला आणि गोंदण कुठलं, हे अजून कुठल्याच सॉफ्टवेअरला कळत नाही... फुकटच्याही नाही आणि विकतच्याही नाही!